स्वतंत्र राहणीची व्यावहारिक कौशल्ये

स्वतंत्र राहणीची व्यावहारिक कौशल्ये : आईवडिलांच्या घरातून बाहेर पडलेल्या सज्ञान माणसाला आपले जेवण, निवारा, पैसा, कागदपत्रे आणि दुखणेखुपणे दुसऱ्यावर भार न टाकता सांभाळता यावे, यासाठी लागणारी कामे व त्यांमागची समज. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात ज्या दहा जीवनकौशल्यांची यादी केली, ती वेगळी. तिच्यात आत्मभान, समानुभूती, निर्णयक्षमता, ताणतणावांना तोंड देणे अशी मनाची कौशल्ये आहेत. कुकर लावणे नाही. प्रस्तुत नोंद कुकरची आहे.

मराठीत या विषयाला नेमका शब्द नाही. ‘संसार’ आणि ‘प्रपंच’ या दोन्ही शब्दांत लग्न गृहीत धरलेले आहे. एकट्याच्या घराला कोणी संसार म्हणत नाही. त्याचे असते ते बिऱ्हाड, किंवा नुसती खोली. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो, १९८९ पासून मतही त्याच वयात देतो. पण मराठी घराच्या हिशेबात तो लग्न होईपर्यंत लहानच असतो. घराने ही कौशल्ये शिकवलीच नाहीत असे नाही. शिकवली, पण वाटून. चूल, धान्य, लोणची-पापड, आजाऱ्याची उठबस मुलीकडे. बँक, कचेरी, सातबारा, विम्याचे हप्ते मुलाकडे. यातून एका घरात दोन अर्धे प्रौढ तयार होतात आणि दोघांचे मिळून एक पूर्ण माणूस भरते. बायको गेल्यावर चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे हे शोधणारे आजोबा आणि नवरा गेल्यावर पहिल्यांदाच बँकेच्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या आजी, हे दोघेही बहुतेक वाचकांनी पाहिलेले असतील.

पूर्वपीठिका. घर सोडून एकटे राहणाऱ्या मराठी पुरुषाने स्वयंपाक शिकण्याऐवजी तो टाळण्याच्या सोयी अधिक उभ्या केल्या. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, म्हणजे आठवड्याचा प्रत्येक वार वेगळ्या घरी. मुंबईच्या गिरणगावात घाटावरचे आणि कोकणातले कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका गिरणी कामगारांच्याच घरांतल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. पुरुषाच्या परावलंबनातून स्त्रीचे स्वावलंबन निर्माण झाले, असे या इतिहासाचे काहीसे गमतीदार वळण आहे.

याला ठळक अपवाद कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, कामे वाटून घेत आणि एका पंगतीत जेवत. जातिभेद मोडणे हा मुख्य हेतू होता, हे खरे. पण खेड्यातल्या मुलाच्या हाती त्या निमित्ताने झाडू आणि पळी आली, हेही कमी नव्हे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहाचे काम पाहताना साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः आवरत, असे सांगतात. मुलींकडे मात्र हा विषय घराबरोबरच शिक्षणक्रमातूनही आला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात गृहशास्त्राला आरंभापासून स्थान होते.

पाककृतींच्या पुस्तकांनी निराळे काम केले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) नावाप्रमाणे गृहिणीसाठी होते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) मात्र शेजारी कोणी शिकवायला नसलेल्या माणसाच्या उपयोगी पडले, कारण त्यात वाटी-चमच्याचे माप होते. ‘अंदाजाने मीठ’ हे ज्याला अंदाज आहे त्यालाच सांगता येते. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत कुकर, गोडा मसाला आणि ‘रुचिरा’ जाऊ लागले ते यामुळे.

स्वयंपाक. एकट्याच्या स्वयंपाकाचा पाया कुकर. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये दाब वाढल्याने तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. मराठी पद्धतीत खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ, वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे डब्यांत पाणी घालून कुकरच्या तळाशी घालायला विसरणे. मग शिट्टी येत नाही, करपल्याचा वास येतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. तो जातो म्हणजे त्याने आपले काम केले. त्याच्या जागी दुसरे काही बसवून भागवू नये. वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हा नियम भुकेपेक्षा मोठा.

दुसरा धडा फोडणीचा. तिच्यातला क्रम रूढी म्हणून पाळायचा नसतो, त्याला कारण आहे. मोहरी तडतडायला तेल चांगले तापावे लागते. हळद आणि तिखट त्या तापात क्षणात करपतात, म्हणून ती शेवटी आणि लगोलग भाजी किंवा पाणी. एवढे कळले की वरण, आमटी, उसळ, पोहे, उपमा हे वेगळे पदार्थ न राहता एकाच कृतीची रूपे होतात. पोळीचे तसे नाही. कणीक मळण्याचा हात वर्षाने येतो, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत गल्लोगल्ली निघालेली पोळी-भाजी केंद्रे त्या वर्षाचीच किंमत घेतात. पोळ्या विकत आणून वरण-भात घरी लावणे ही एकट्या माणसाने शोधलेली समजूतदार तडजोड आहे. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.

खरे कसब मात्र चुलीपाशी नसून वाण्याच्या यादीत आहे. काय आणायचे यापेक्षा किती आणायचे हे उशिरा कळते. पावसाळ्यात दोन किलो रवा आणणाऱ्याच्या डब्यात महिन्याभरात किडे फिरू लागतात. तोच रवा भाजून, गार करून, घट्ट झाकणात ठेवला तर टिकतो.

गॅसबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो; एकट्याला ५ किलोचा लहान सिलिंडरही मिळतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूने ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ती पुढच्या तपासणीची मुदत : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करावा. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साठतो. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण लावू नये. चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. मदतीचा क्रमांक १९०६.

खोली. शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांची पहिली पायरी बहुधा कॉट बेसिस : खोलीतली एक कॉट, एक कपाट आणि सामाईक संडास-बाथरूम. पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, मराठवाडा-विदर्भातून आलेली कितीतरी मुले-मुली अभ्यासिका, मेसचा डबा आणि कॉट या तीन टेकूंवर वर्षे काढतात. पुढची पायरी फ्लॅटची, आणि तिथे कागद लागतो.

महाराष्ट्रात तो कागद बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत इथे चुकीची आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशभर अकरा महिन्यांची रीत पडली; पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार इथे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही तरतूद जितकी उपयोगाची तितकीच अपरिचित आहे.

भांडण होते ते भाड्यावरून क्वचित, अनामत रकमेवरून नेहमी. म्हणून ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, खिडक्यांच्या काचा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत आणि विजेच्या मीटरचा आकडा करारात किंवा निदान संदेशात लिहावा. वीजबिलाचे गणित सोपे आहे : हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की तेवढेच. चौघांत बिल वाटताना हे एक वाक्य पुष्कळ मैत्र्या वाचवते. अविवाहितांना, आणि त्यातही एकट्या मुलींना, जागा नाकारणाऱ्या सोसायट्यांपुढे मात्र कोणतेच कौशल्य फारसे चालत नाही.

पैसा. जमाखर्च लिहिणे, भिशी, बचत यांबद्दल सर्वत्र लिहिले जाते. ज्याबद्दल कमी बोलले जाते ते जामीन राहणे. गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढताना भाऊबंद किंवा मित्र ‘फक्त सही कर’ म्हणून येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले की संस्था आधी त्याच्यामागे लागलीच पाहिजे असे नाही. ती थेट जामीनदाराच्या पगारावर येऊ शकते. नाही म्हणता येणे हे इथे भावनिक नव्हे, आर्थिक कौशल्य आहे.

खात्याला नॉमिनी लावला की वारसाचा प्रश्न मिटला, हीही अशीच पसरलेली समजूत. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरणाऱ्याच्या उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहते आणि ते कोणत्याही पतसंस्थेच्या कर्जाहून महाग पडते. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयबाबत एकच गोष्ट पाठ असावी : पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झाली तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

कागदपत्रे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर कागदांची संख्या कमी होईल अशी आशा होती. झाले एवढेच, की प्रत्येक कागदावरचे नाव दुसऱ्याशी जुळवून पाहणारी यंत्रे आली. मराठी नावाची घडण इथे अडचणीची ठरते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कुठे मधले नाव गळते, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडते. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रूढी, म्हणून तिचा त्रास दुप्पट. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पॅन यांवर नाव अक्षरशः एकच आहे का, हे अठराव्या वर्षीच पाहून घ्यावे. नाव बदललेच, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी.

आजारपण व किरकोळ कामे. एकटेपणाची खरी परीक्षा तापात होते. जुलाब लागल्यास घरी करता येणारी जलसंजीवनी : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८. खोलीची दुसरी किल्ली जवळपासच्या एका विश्वासू माणसाकडे असावी. बटण लावणे, नळाचा वायसर बदलणे, उडालेला एमसीबी वर करण्याआधी तो का उडाला हे पाहणे, एवढ्यावर बाकीचे भागते.

शिक्षणातील स्थान. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा विषय सुचवला आणि तो महाराष्ट्राच्या शाळांत आला. पुष्कळ ठिकाणी तो आगपेटीच्या काड्यांचे घर आणि लोकरीची फुले यांवर थांबला. जपानमध्ये गृहविज्ञान मुलींपुरते सक्तीचे होते; १९९३ मध्ये कनिष्ठ माध्यमिक आणि १९९४ मध्ये उच्च माध्यमिक शाळांत ते मुलग्यांनाही सक्तीचे झाले. फिनलंडमध्ये सातवीची सर्व मुले-मुली ते शिकतात. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या काळात त्यांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकायचे. उदाहरणादाखल त्याच धोरणात सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम आणि कुंभारकाम यांची नावे दिली आहेत. स्वयंपाकाचे नाही.