शरद ऋतूतील मुंबईचा रंगमंच आणि कृष्णाकाठचे तमाशा फड

मराठी रंगभूमीच्या इतिहासाला एक निश्चित तारीख आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजदरबारात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला आणि तो दिवस पुढे मराठी रंगभूमी दिन म्हणून रूढ झाला. शके १७६५ मधील कार्तिक महिना होता तो. याच ऋतूला आणखी एक तिथी जोडलेली आहे. विजयादशमीला वाद्यांची आणि घुंगरांची पूजा करून तमाशाचे फड गाव सोडतात. तमाशा कलावंताचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, ते दसऱ्याला सुरू होते. पहिली तारीख पाठ्यपुस्तकांत आहे, तिच्या निमित्ताने सांगलीत दरवर्षी भावे गौरवपदक दिले जाते. दुसरी तिथी मात्र नाट्येतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या तिथीच्या आधाराने मुंबईतील आश्विन-कार्तिकाच्या रंगमंचाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. महानगरातील प्रयोगांचा हंगाम महानगराने ठरविला, हे गृहीत कितपत टिकते, एवढाच येथे विचाराचा विषय आहे.

ज्या परिसरातून हे पाहावयाचे तो परिसर प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. उंब्रज हे तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावरील, पुणे-बंगळूर महामार्गावरील गाव. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. पश्चिमेस चाफळ, पूर्वेस मसूर आणि तारळीच्या काठी खंडोबाचे पाल. उंब्रजवरून कृष्णा कराडकडे उतरते व पुढे वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतून वाहते. आज या भागाचे सातारा व सांगली असे दोन जिल्हे दिसतात. परंतु ही विभागणी अलीकडची आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकातील वाळव्याचा किंवा तासगावचा कलावंत हा सातारा जिल्ह्याचाच कलावंत होता. लोककलांच्या अभ्यासात जिल्हावार नोंदी करण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे हा सलग प्रदेश उगाच तुटतो.

या प्रदेशातील यात्रांचे वेळापत्रक पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या आरंभी निघतो, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षातच भरते, पालला खंडोबा-म्हाळसेचा विवाह पौषात लागतो आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रांना खरा बहर चैत्र-वैशाखात येतो. तमाशाची सुपारी ही प्रामुख्याने या यात्रांची सुपारी होय. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, तेथे गावकारभारी येऊन सौदे ठरवितात, ते याच यात्रांसाठी. मग फड दसऱ्याला का निघतो? खरिपाची पिके घरात यावयाची असतात, रब्बीच्या पेरण्या चालू असतात, शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो आणि वेळही नसतो. दसरा ते मार्गशीर्ष हा दीड-दोन महिन्यांचा काळ गावाच्या दृष्टीने तमाशाचा काळच नव्हे. फडमालकाने मात्र कलावंतांना उचल दिलेली असते. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाच्या, सुरत्ये, नाचणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यासोबतची मुलेबाळे यांचे पोट रोज भरावयाचे असते. ही पोकळी शहराने भरून काढली. पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि मुंबईतील गिरणगावची तमाशागृहे ही या अर्थाने फडांच्या अर्थव्यवस्थेतील केवळ सोयीची ठिकाणे नव्हती. यात्रांचा हंगाम येईपर्यंत फड एकत्र राहील की फुटेल, हे तेथील गल्ल्यावर अवलंबून असे.

शहराच्या बाजूनेही या महिन्यांना अर्थ होता. गिरणीकामगाराला महिन्याचा पगार मिळे आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे बोनसची प्रथा रुजल्यावर दिवाळीच्या तोंडाशी त्याच्या हाती थोडी अधिक रक्कम येऊ लागली. पावसाळा संपलेला असल्याने कनातीच्या आडोशाने किंवा पत्र्याच्या छपराखाली चालणारी तमाशागृहे पुन्हा भरू लागत. प्रेक्षक बहुतांशी देशावरचा, म्हणजे सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांतला. कोकणातून आलेल्या कामगारांचे दशावतार, नमन, भजन निराळे. घाटावरच्यांचा तमाशा निराळा. ज्याला दिवाळीला गावी जाता आले नाही, त्याच्याकडे गावच येत असे, असे म्हटल्यास ती अलंकारिक भाषा ठरणार नाही. फडातील सोंगाड्याची बोली, त्याने घेतलेली गावांची नावे, पाटील-कुलकर्ण्यांच्या नकला या सर्वांना दाद मिळे, कारण समोर बसलेला माणूस त्याच मुलखातला होता.

हा प्रवास तमाशाने सुरू केलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कृष्णाकाठावरून मुंबईच्या रंगमंचावर प्रथम गाजावाजाने पोहोचले ते भावे यांचेच नाटक. आश्रयदाते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले, संस्थानचा आधार गेला आणि मंडळीला दौरे काढणे भाग पडले. १८५३ मध्ये ग्रँट रोडवरील नाटकगृहात भावे यांचे खेळ झाले. हे नाटकगृह जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभे राहिले होते. राजाश्रय संपल्यामुळे कला शहराकडे वळली. तमाशाच्या बाबतीत ऋतुमानाने जे घडविले, ते भावे यांच्या बाबतीत एका राजाच्या मृत्यूने घडविले. भावे यांच्या खेळांचे स्वरूपही आपण आज ज्याला नाटक म्हणतो त्याच्यापेक्षा बरेच वेगळे होते. कर्नाटकातील भागवत मंडळीचे खेळ सांगलीत पाहून आप्पासाहेबांनी तसे मराठीत करण्यास सांगितले, त्यातून ते जन्मले. सूत्रधार पदे म्हणे, पात्रे आयत्या वेळी संवाद रचीत, सरस्वती मोरावर आरूढ होऊन नाचत येई, राक्षस आरोळ्या ठोकीत शिरत. गण, नृत्य, पद्य, विनोद आणि आख्यान यांची ही बांधणी तमाशाच्या बांधणीपासून फार दूरची नाही. दोहोंमधील अंतर पुढे वाढले, ते कलेपेक्षा प्रेक्षकांच्या व कलावंतांच्या जातीमुळे अधिक वाढले असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटक हे पांढरपेशा वर्गाचे प्रतिष्ठित करमणुकीचे साधन बनले. तोही प्रयोग शरदातलाच.

तमाशाच्या बाजूची कथा याच काळात याच मुलखात समांतर चालू होती. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमाजी बाबाजी सावळजकर यांच्याकडे ‘मोहना-बटाव’ या पहिल्या वगाचे श्रेय दिले जाते आणि त्याचा काळ १८६५ असा सांगितला जातो. तोवरचा तमाशा गण, गौळण व लावणी यांवर उभा होता. वगामुळे त्यात सलग कथानक आले, म्हणजेच नाट्य आले. सांगली ते सावळज हे अंतर बैलगाडीने दोन दिवसांहून अधिक नाही. ‘सीतास्वयंवर’ आणि ‘मोहना-बटाव’ यांच्यात अवघी बावीस वर्षे आहेत. एका मातंग कलावंताने दरबारी नाटक पाहिले असेल की नाही, हा प्रश्न आपल्या नाट्येतिहासाने गांभीर्याने विचारलेलाच नाही. वग हा नाटकाचा परिणाम मानावा की दोन्ही एकाच जुन्या आख्यानपरंपरेची फळे मानावीत, याचा निर्णय पुरावा पाहून करावा लागेल. पण प्रश्नच न विचारणे हा निर्णय नव्हे.

वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्याकडे पाहिले म्हणजे हा जातीचा मुद्दा उलट बाजूने स्पष्ट होतो. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा कवी फडात उतरला, पवळा या दलित कलावतीबरोबर त्याने रंगमंच गाजविला आणि मुंबईच्या प्रेक्षकांवर अनेक वर्षे राज्य केले. ‘मिठाराणी’चा त्यांचा वग शाहू महाराजांसमोर झाला होता. ब्राह्मण समाजाने त्यांना वाळीत टाकल्याची हकिकत सर्वपरिचित आहे. त्यामुळे तिचा विस्तार करीत नाही. लक्षणीय गोष्ट ही की, ज्या व्यवहाराला गावात स्थान नव्हते, तो मुंबईत तिकीट लावून चालला. गिरणगावच्या प्रेक्षकाला कवीच्या सोवळ्याशी कर्तव्य नव्हते. परंतु शहराचा हा उदारपणा गल्ल्यापुरता होता. बापूरावांची अखेर पुण्यात विपन्नावस्थेत झाली.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) बालपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले. रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव ही एकाच वाळवा तालुक्यातील गावे. एका पिढीच्या अंतराने तेथून निघालेले हे दोन कवी मुंबईच्या एकाच प्रेक्षकवर्गापुढे उभे राहिले. अण्णा भाऊंना तमाशा घरातूनच मिळाला होता. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक स्थापिले. त्यांच्या लोकनाट्यांत गण राहिला, पण गणातील वंदन गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना जाऊ लागले. गौळण मागे पडली, सोंगाड्याच्या मुखी सावकार, गिरणीमालक व पुढारी यांची हजेरी घेणारी भाषा आली. कलापथकाला दसऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती; संप, सभा, मोर्चा हेच त्याचे मुहूर्त. तमाशाचा शेतीशी बांधलेला काळ येथे प्रथमच सुटला आणि कामगार चळवळीच्या काळाशी जोडला गेला. अण्णा भाऊंच्या साहित्यविषयक चर्चेत त्यांच्या विचारांवर जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे या बदलावर लिहिले गेलेले दिसत नाही.

नेमक्या याच सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली व पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला पुन्हा परवानगी मिळाली. या अटीचा फडांवर काय परिणाम झाला असेल, हे कल्पनेने ताडता येते. वग हा कागदावर नसतोच. सरदार कथासूत्र सांगतो, कलावंत समोरचा प्रेक्षक पाहून संवाद वाढवितो किंवा आखडतो; ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना संहिता सादर करावयास सांगणे म्हणजे त्यांच्या कलेची जातच बदलणे होते. भावे यांच्या पात्रांनाही लेखी संवाद नव्हते, याची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. शिवाय दसरा आणि यात्रा यांच्यामधल्या दीड-दोन महिन्यांवर ज्याचा संसार टेकलेला, त्याला परवान्यासाठी घालविलेला प्रत्येक आठवडा महाग पडे. बंदीची चर्चा आपण नीती व अभिरुची यांच्या अंगाने करीत आलो. तिचा हिशेब उचल आणि उपासमार यांच्या अंगानेही मांडावयास हवा.

पुढील काळात तमाशाचे दोन प्रवाह मुंबईत शेजारी शेजारी वाहिले. लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणी फड येत राहिले. कवलापूरच्या शिवा-संभा यांच्या घराण्यातील काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांनी प्रेक्षकांना वेड लावले. दुसरीकडे वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ नंतर तमाशाचा घाट मध्यमवर्गीय नाट्यगृहांत नेला. तेथे त्याला लोकनाट्य म्हटले गेले, वृत्तपत्रांत परीक्षणे आली, विद्यापीठांत निबंध वाचले गेले. लोकनाट्य श्रेष्ठ की फडाचा तमाशा, हा वाद निरर्थक आहे. मात्र एकाच शहरात, एकाच ऋतूत, दोन-तीन मैलांच्या अंतरावर चाललेल्या या प्रयोगांपैकी एकाचे प्रयोगसंख्येसह दस्तऐवज उपलब्ध आहेत आणि दुसऱ्याच्या बाबतीत कोणता फड कोणत्या आठवड्यात लागला हेही सांगणे कठीण आहे, ही विषमता इतिहासलेखकाने नजरेआड करू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीचा दसरा आला तेव्हा गिरणगावात पगार नव्हता, बोनस नव्हता, आणि बरेच कामगार गावी परतले होते. संपाचा औपचारिक शेवट झालाच नाही. गिरण्या हळूहळू बंद होत गेल्या आणि गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत लालबाग-परळची तमाशागृहेही मिटली. दूरचित्रवाणी व चित्रपट यांमुळे तमाशा मागे पडला असे सरसकट सांगितले जाते. ते खोटे नाही, पण कृष्णाकाठच्या फडांपुरते पाहता निर्णायक आघात शहरातील शरदाचा गल्ला नाहीसा होण्याने झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. यात्रा चालूच होत्या, आजही आहेत. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत फड सांभाळण्याचे साधन मात्र उरले नाही. परिणामी फडमालकाचे कर्ज वाढले आणि त्या कर्जासाठी तो पाडव्याच्या सौद्यांवर पूर्वीपेक्षा अधिक अवलंबून राहिला.

या इतिहासाची साधने मुंबईच्या ग्रंथालयांत थोडी आहेत, आपल्या परिसरात अधिक आहेत. यात्रा पंच कमिट्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांत तमाशाची सुपारी कोणाला, किती, केव्हा दिली याची नोंद केली जाते. कलावंत कुटुंबांकडे उचलीच्या चिठ्ठ्या, करारपत्रे, जुनी हस्तपत्रके असतात. गिरणीतून परतलेले प्रेक्षक कराड, पाटण, वाळवा तालुक्यांत अद्याप हयात आहेत, परंतु त्यांतील सर्वांत तरुण माणूसही आता साठीपलीकडचा आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी उंब्रज ते मिरज या पट्ट्यातील गावे वाटून घेतल्यास दोन-तीन वर्षांत या वह्यांच्या प्रती आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण तयार होऊ शकेल. आरंभ पालपासून करावा. तेथील यात्रा पौषात भरते, म्हणजे शहरातून परतलेल्या फडांच्या वाटेवरील ती अगदी सुरुवातीच्या मोठ्या मुक्कामांपैकी एक ठरते.