विभक्तिविचार, लॅटिन व मराठी
लॅटिनमध्ये नामाचा वाक्यसंबंध अंत्यरूपाने दर्शविला जातो. तेथे सामान्यतः सहा विभक्ती मानतात. संस्कृतातील तृतीया, पंचमी व बव्हंशी सप्तमी यांचे कार्य एकाच विभक्तीकडे आहे. हा लॅटिन साचा समोर ठेवून इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स यांनी (मृत्यू १६१९) कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये रचिले. ते १६४० मध्ये राचोल येथे मुद्रित झाले. भारतीय भाषेचे ते पहिले मुद्रित व्याकरण मानतात. पुढे शालेय मराठी व्याकरणांत संस्कृतच्या आठ विभक्ती रूढ झाल्या. साचे दोन्ही उसनेच. ‘मित्राला’ हे रूप द्वितीयेचे की चतुर्थीचे, हे केवळ प्रत्ययावरून ठरत नाही. अर्थ पाहावा लागतो. मराठीत प्रथम ‘मित्रा’ असे सामान्यरूप होते व त्यास ‘ला’, ‘ने’ किंवा ‘साठी’ जोडतात. लॅटिनच्या कोष्टकात या सामान्यरूपाला जागाच नाही.