खरी कमाई आणि हिशेबाची वही

पोळ्याचे बैल घरी परततात, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, आणि मागोमाग गणराय येतात. हा क्रम आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. शाळेत असताना आमच्यापैकी काही जणांच्या गळ्यात स्काउटचा रुमाल असायचा. त्याची घडी उलगडून डोक्याला त्रिकोणी पट्टी कशी बांधायची हे मास्तरांनी पहिल्यांदा शिकवले, तेव्हा साऱ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर गोटमारच उभी राहिली. इतर गावच्या पोरांना ही पट्टी परीक्षेपुरती शिकावी लागते. पांढुर्ण्याच्या पोराला ती कशासाठी, हे विचारावे लागत नाही.

यंदा मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की आपला जिल्हा झाला, तर मुलामुलींचे एक चांगले स्काउट-गाइड पथक का उभे करू नये? सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "पैसे कुठून आणणार, आणि हिशेब कोण ठेवणार?" बैठक एकदम शांत झाली. त्या प्रश्नाचा माग काढत आम्ही जुन्या इतिहासात शिरलो, आणि लक्षात आले की ही चळवळ जिथे जिथे अडचणीत आली तिथे पैसा, कायदा आणि विश्वास या तिघांचाच गुंता होता.

आपल्या भागाशी या चळवळीचे नाते मात्र फार जुने आहे. भारतात स्काउटचे पहिले पथक १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी काढले. मुलींचे गाइड पथक १९११ साली सुरू झाले ते जबलपूरला, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच मध्य प्रांतात. लहान मुलांच्या 'कब' शाखेची सारी गोष्टच मुळी किपलिंगच्या 'जंगल बुक'वर रचलेली आहे, आणि त्या पुस्तकातले जंगल सिवनीचे. १९३१ ते १९५६ या काळात सिवनी छिंदवाडा जिल्ह्यातच होते, तेव्हा मोगली आमच्याच जिल्ह्यातला होता असे म्हटले तर फार चुकणार नाही! जगभरातली पोरे आपल्या शिक्षकाला 'अकेला' म्हणून हाक मारतात. ही हाक आपल्या शेजारच्या डोंगरातून गेली हे आपल्याच मुलांना कुणी सांगत नाही.

पण सुरुवातीची ती पथके होती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. नकाशा वाचणे, माग काढणे, रात्री खुणेने निरोप पोचवणे या गोष्टी हिंदी पोरांना शिकवल्या तर उद्या ती काय करतील, अशी सरकारला धास्ती होती. ही धास्ती अगदीच अनाठायी होती असे आम्हांला वाटत नाही. मग आपल्या लोकांनी आपापल्या संघटना काढल्या. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे काढली, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काउट उभे केले. १९२१ साली बेडन पॉवेल स्वतः हिंदुस्थानात आले, तेव्हा बऱ्याच संघटना एक झाल्या. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. अडचण शपथेची होती. इंग्लंडच्या राजाशी निष्ठा ठेवीन असे आपल्या मुलांनी का म्हणायचे?

पुढे १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी भरली. त्या भेटीनंतर बेडन पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी आणि प्रतिष्ठेच्या जाणिवेविषयी असे उद्गार काढले की देशभर संताप उसळला. माणसे बाहेर पडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. 'स्काउट विश्वासपात्र असतो' हा ज्या चळवळीचा पहिला नियम, तिच्या संस्थापकानेच अर्ध्या सभासदांवर अविश्वास दाखवावा, याला काय म्हणावे?

या सगळ्या फाटाफुटीत एक नाव वारंवार पुढे येते आणि ते आपल्या नागपूरचे आहे. न्यायमूर्ती व्हिवियन बोस. सर बिपिन कृष्ण बोस यांचे नातू, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयात. वकिलांना ते त्यांच्या निकालपत्रांमुळे माहीत असतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या शाळांना ते माहीत होते स्काउटमुळे, कारण प्रांतिक संघटनेचे काम त्यांनी कित्येक वर्षे सांभाळले. त्या काळी सौसर आणि पांढुर्णा नागपूरच्याच कारभाराखाली होते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'स्काउट' नसे, 'बालवीर' असे, आणि मुलींना 'वीरबाला'. शब्द कसे भारदस्त होते!

स्वातंत्र्य आले तरी स्काउटची भांडणे संपली नव्हती. दोन संघटना, दोन गणवेश, दोन तिजोऱ्या. पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी मनावर घेतले. कुंझरू, वाजपेयी, न्यायमूर्ती बोस आणि मंगलदास पक्वासा अशी मंडळी बसली. हे पक्वासा त्या वेळी आपल्याच मध्य प्रांताचे राज्यपाल होते. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' जन्माला आली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली. राजाची शपथ गेली, देशाची आली. न्यायमूर्ती बोस पुढे या संघटनेचे राष्ट्रीय आयुक्तही झाले. डालमिया-जैन उद्योगसमूहाच्या कंपन्यांचे व्यवहार तपासणाऱ्या आयोगाचे अध्यक्षही तेच होते. मोठमोठ्या शेटजींच्या चोपड्या तपासणारा माणूस पोरांच्या शेकोटीजवळही बसत होता, हे आम्हांला फार बोलके वाटते.

मग आले १ नोव्हेंबर १९५६. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. या तारखेने आपल्या घराघरांत काय काय केले ते याच स्मरणिकेत अनेकदा लिहून झाले आहे, म्हणून इथे स्काउटपुरतेच सांगतो. नागपूर शंभर किलोमीटरच्या आत होते. भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट दूर. राज्य संघटना तिकडे गेली आणि पुस्तके हिंदीतून आली. आम्ही वचन हिंदीतून घेतले, घरी आजीला त्याचा अर्थ मराठीतून सांगितला. त्यात काही बिघडले नाही. बिघडले ते निराळेच. महाराष्ट्रातल्या स्काउटांकडे 'खरी कमाई' नावाचा एक फार चांगला उपक्रम आहे. मुलांनी लोकांची छोटी-मोठी कामे करायची, खाऊचे दुकान लावायचे आणि कष्टाचे चार पैसे पथकासाठी जमवायचे. काटोल-नरखेडच्या मामेभावांकडून आम्ही हे ऐकायचो आणि हेवा करायचो. आमच्याकडे खरी कमाई नव्हती, शुल्क होते.

वर्षाच्या सुरुवातीला शाळेत जी फी भरायची तिच्या पावतीत क्रीडा, वाचनालय, रेडक्रॉस आणि स्काउट असे रकाने असत. रक्कम किरकोळ असे, पण प्रत्येक मुलाकडून घेतली जाई, मग तो स्काउट असो वा नसो. त्यातला काही भाग शाळेत राही, काही वर जाई. आम्ही ज्या शाळेत होतो तिचे नाव सांगत नाही. एका वर्षी पचमढीच्या शिबिराला न्यायचे म्हणून वेगळी वर्गणीही घेतली. पचमढी म्हणजे स्काउटांची पंढरी! राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रच तिथे आहे. आम्ही शिध्याच्या पिशव्या शिवून घेतल्या, दोराला गाठी मारून मारून हाताची साले काढली. शिबिर झालेच नाही. का झाले नाही हे कुणी सांगितले नाही, आणि वर्गणीचे काय झाले हे विचारायची आमची छाती नव्हती. पुढे केव्हातरी भांडारखोलीत तंबू दिसले, उंदरांनी कुरतडलेले. स्काउट मास्तरांचा यात दोष नव्हता. ते बिचारे शाळा सुटल्यावर, एक पैसा जास्त न घेता, स्वतःच्या सायकलवर फळी आणि दोर आणत. ही चळवळ आजवर टिकली ती अशाच मास्तरांच्या पदरमोडीवर.

आता तर त्या रकान्याचाही आधार पातळ झाला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांकडून फी घेण्याला आडकाठी आली. कायदा योग्यच आहे, गरिबाच्या पोराच्या पाटीवरचा भार त्याने उतरवला. पण स्काउटचे खरे वय तेच! कब-बुलबुल तर पूर्णपणे त्याच वर्गांतले. म्हणजे मुले खालच्या वर्गांत आणि शुल्क वरच्या वर्गांत, असा पेच झाला. रेल्वेचे बरे आहे. त्यांची स्काउट संघटना त्यांच्याच विभागांतून चालते आणि नोकरभरतीत स्काउटांसाठी राखीव जागाही असतात. पण त्याचा दुसरा परिणाम असा की पुष्कळ पालक आता गाठी आणि प्रथमोपचार विचारत नाहीत, 'सर्टिफिकेट केव्हा मिळेल' एवढेच विचारतात.

मंडळात कुणी म्हणेल की छोट्या गावाचे हे छोटे रडगाणे आहे, मोठ्या देशांत असे नसेल. त्यासाठी अमेरिकेकडे पाहावे. आपल्या भागातली कित्येक मुले तिकडे स्थायिक आहेत आणि त्यांची मुले तिथल्या पथकांत जातात, म्हणून हा विषय परका नाही. १९१० साली स्थापन झालेल्या 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' या बलाढ्य संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसा कमी होता म्हणून नव्हे. मुलांवर पथकातल्याच मोठ्या माणसांनी अत्याचार केल्याच्या तक्रारी दशकानुदशके येत होत्या, आणि संस्थेने अशा माणसांच्या फायली कुलपात ठेवल्या होत्या. २०१२ मध्ये ऑरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली उघड झाल्या. दिवाळखोरीच्या खटल्यात ८२ हजारांहून जास्त लोकांनी दावे लावले. नुकसानभरपाईसाठी २.४६ अब्ज डॉलरचा निधी ठरला आणि एप्रिल २०२३ मध्ये ती योजना अंमलात आली. नॉर्मन रॉकवेल या प्रसिद्ध चित्रकाराची संस्थेकडची चित्रेसुद्धा विकायला काढावी लागली. स्थानिक परिषदांनाही भरपाईत वाटा द्यावा लागला, आणि त्यासाठी कुठे कुठे पोरांच्या शिबिरांच्या जमिनी गेल्या. २०२५ पासून संस्थेने नावही बदलून 'स्काउटिंग अमेरिका' केले.

आम्ही हे वाचले तेव्हा सर्वांत जास्त बोचली ती कुलपातली फाइल. पैशाचा हिशेब लपवणे आणि माणसाचा हिशेब लपवणे यांत फार अंतर नसते. एका ठिकाणी शिबिराची वर्गणी कुणी विचारत नाही, दुसऱ्या ठिकाणी शिबिरात काय घडले ते कुणी विचारत नाही. विचारण्याची सवय एकदा मोडली की ती दोन्हीकडे मोडते. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे. असा गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हासुद्धा त्यात गुन्हा आहे. 'संस्थेची अब्रू' हे कारण तिथे चालत नाही. सहलीला, शिबिराला, अगदी आपल्या मंडळाच्या नाटकाच्या तालमीलासुद्धा मुले पाठवताना हे लक्षात ठेवायला हवे.

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीला घोषणा झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. पांढुर्णा आणि सौसर, या दोन तहसिलींचा आपला जिल्हा. नागपूर, भोपाळ, छिंदवाडा अशी तीन गावे पाहून झाल्यावर कागद पहिल्यांदा आपल्या दारात येण्याची वेळ आली आहे. कोऱ्या वहीचे पहिले पान आपल्याला मिळते आहे. जुन्या वहीतले खाडाखोडीचे पान पुढे चालवायची सक्ती नाही.

म्हणून बैठकीत बराच वाद होऊन जे ठरले ते वाचकांपुढे ठेवतो. पथकाची रीतसर नोंदणी होईपर्यंत गणवेश नाही. मुलांकडून सक्तीचे शुल्क नाही. दोन मोठी माणसे हजर असल्याशिवाय मुलांना कुठेही न्यायचे नाही, आणि त्या दोघांत मुलींबरोबर एक बाई असलीच पाहिजे. पालकाला केव्हाही, न सांगता, शिबिरावर येऊन बसता येईल. एका सभासदाला हे शेवटचे फार झाले असे वाटले, "लोकांचा आपल्यावर विश्वास नाही का?" म्हणाले. त्यावर सौसरच्या एका निवृत्त शिक्षिकेने उत्तर दिले, "भाऊ, विश्वास आहे म्हणूनच तर ते येऊन बसतील. नसता तर पाठवलेच नसते." पुढे वाद झाला नाही.

गणपतीच्या सातव्या दिवशी मंडपाशेजारी मुलांचे भजी-चहाचे दुकान लागेल. बेसन, तेल, साखर उधारीवर आणलेली आहे, ती आधी फेडायची. उरेल ते खऱ्या कमाईचे. आठव्या दिवशी सकाळी आरतीआधी जमा-खर्च मंडपाच्या फळ्यावर मुलांच्याच अक्षरात लिहिला जाईल. त्या पैशातून आधी दोर आणि त्रिकोणी पट्ट्या घ्यायच्या, तंबूचे पुढे पाहू. भजी खायला या, आणि दुसऱ्या दिवशी फळा वाचायलाही या. बेरीज चुकली असेल तर मुलांना तिथेच सांगा.