बोरीबंदरावर कोण गेलं?

माईच्या हिशेबात सालं नव्हती. ‘गोदी उडाली तवा तुझी आत्या पोटात होती’, ‘खलाशांच्या दंगलीत तिला दात येत होते’, ‘फाउंटनला गोळ्या झाडल्या त्या आठवड्यात घरात रॉकेल नव्हतं’, अशी तिची कालगणना. मुंबईनं जे जे भोगलं ते तिच्याकडे बाळंतपणांना आणि डब्यांना चिकटून राहिलेलं.

माई म्हणजे माझ्या वडिलांची आई. माहेर मेढ्याचं, जावळी तालुक्यातलं. लग्न होऊन सोळाव्या वर्षी गिरगावच्या चाळीत आली आणि शेवटपर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिली. आजोबांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते जीपीओत टपालाच्या वर्गवारीला होते. चाळीतून निघायचं, धोबीतलाव, मग बोरीबंदर, असा त्यांचा सगळा जन्म पायी गेला. स्टेशनाची नावं बदलत गेली, पण माईच्या तोंडी शेवटपर्यंत बोरीबंदरच.

14 एप्रिल 1944 ला, दुपारी चारच्या सुमाराला, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. माई सांगायची, मांडणीवरची भांडी एकदम खाली आली आणि तिला वाटलं, पहिल्या खेपेच्या पोरीला चक्कर आली म्हणूनच असं झालं असेल. भाऊ रात्री उशिरा घरी आले ते काजळीनं काळे होऊन. आग विझवायला गेलेले 66 जवान परत आले नाहीत. गिरगावात एका पारशीबाबाच्या घराचं छप्पर फोडून सोन्याची वीट पडली, ही गोष्टही आम्हाला दर वेळी ऐकायला मिळे. मात्र ती सांगताना माईचा आवाज उतरायचा. ‘वीट परत गेली सरकारात. माणसं कुठं परत गेली?’

26 नोव्हेंबर 2008, बुधवार. रात्री फटाके वाजल्यासारखा आवाज आला तेव्हा काका म्हणाला, कटकची मॅच जिंकलो ना, म्हणून वाजवतायत. भारत-इंग्लंडचा सामना खरंच होता त्या दिवशी आणि आपण जिंकलोही होतो. मग टीव्हीवर लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय अशी नावं पळायला लागली. बोरीबंदराचं नाव आलं तशी माई अंथरुणातून उठून बसली. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण त्यानंतर ती आडवी झालीच नाही म्हटलं तरी चालेल.

मध्यरात्र उलटून गेल्यावर चौपाटीच्या बाजूनं गोळ्यांचा आवाज आला. तो आम्ही गॅलरीत उभं राहून ऐकला, असं मला आठवतं. आई म्हणते, आम्ही सगळे आत होतो, दारं लावलेली होती. आता कोण बरोबर ते सांगायला काका नाही. काय घडलं ते मात्र साऱ्या देशाला ठाऊक आहे. नाकाबंदीत अडवलेल्या स्कोडा गाडीतून हल्लेखोरांपैकी कसाब बाहेर आला आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या एके-47 ची नळी धरली, ती गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. हातात होती ती लाठी. त्यांच्या त्या पकडीमुळेच कसाब जिवंत सापडला.

दोन दिवसांनी ओंबळ्यांच्या गावाचं नाव कळलं. केडंबे. ‘आपल्या जावळीतलं की गं,’ माई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ती त्यांना ओळखत नव्हती, त्यांच्या घरचं कुणीही तिच्या ओळखीचं नव्हतं. पण तिकडचा डोंगर, तिकडची नाचणीची भाकरी, पोरगं फौजेत नाहीतर मुंबईला लावायचं ही तिकडची रीत, हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. दुपारी तिनं आईला जेवायला वाढू दिलं नाही. ‘आपल्यातला गेलाय,’ एवढंच म्हणाली.

तीन दिवस टीव्ही चालूच होता. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आम्ही थेट बघितले. ते थेट दाखवणं किती घातक होतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये वाहिन्यांना स्पष्ट शब्दांत सुनावलं. त्याच इमारतीतून दोन वर्षांच्या मोशेला कडेवर घेऊन त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल बाहेर पडली, तेव्हा माईनं टीव्हीला हात जोडले. 29 तारखेला सकाळी ताज मोकळं झालं. 166 माणसं गेली होती. त्याच दिवशी दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकऱ्यांना शिवाजी पार्कच्या स्मशानात निरोप दिला गेला. कामा इस्पितळाजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच गाडीत पडले, हे त्या आठवड्यात प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा बोललं गेलं. करकऱ्यांचं चिलखत कसलं होतं, मदत वेळेवर का पोचली नाही, असे प्रश्न स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता विचारले जात होते. पुढे अशोक कामट्यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात कागद मागून तो राग नीट, नेटानं चालवला. मला त्या बाईंबद्दल अतोनात आदर आहे. रडून झाल्यावर अर्ज लिहायला बसायचं, याला किती बळ लागत असेल!

3 डिसेंबरला, बरोबर आठवड्यानं, गेटवेवर लोक जमले. मी आणि आई गेलो होतो. कुणी नेता नाही, कुणी बोलावलेलं नाही, निरोप मोबाइलवरून फिरलेले. माणूस कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. मेणबत्त्या, तिरंगे, फलक. ‘इनफ इज इनफ.’ कर भरू नका म्हणणारे, युद्ध करा म्हणणारे, पुढाऱ्यांची नावं घेऊन ओरडणारे, आणि नुसतेच उभे राहून रडणारे. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ ताजच्या काळवंडलेल्या खिडक्यांकडे बघत पुटपुटत होते, काय ते ऐकू आलं नाही. तो राग खरा होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, आबा म्हणजे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले, मग मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनाही जावं लागलं. त्याच महिन्यात एनआयएचा कायदा झाला, आणि पुढच्या वर्षी एनएसजीची तुकडी मुंबईत कायमची आली, राज्याचं ‘फोर्स वन’ उभं राहिलं. लोक रस्त्यावर आले नसते तर एवढं इतक्या झपाट्यानं झालं असतं, असं मला वाटत नाही.

रात्री घरी आलो. माई जागी होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, मेणबत्त्या कसल्या, बायका किती होत्या, घसे बसले का. मग म्हणाली, ‘चांगलं केलंत. आणि बोरीबंदरावर कोण गेलं गं?’

मला उत्तर देता येईना. एका जागी सगळ्यांत जास्त माणसं मेली ती तिथे, पन्नासहून अधिक. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत जमिनीवर पथारी टाकून बसलेली माणसं. उत्तरेला निघालेली, बिहारला निघालेली, सणाला किंवा कुणाच्या आजारपणाला निघालेली. विष्णू झेंडे यांनी उद्घोषणेच्या खोलीतून, समोर गोळीबार दिसत असताना, लोकलच्या प्रवाशांना मागच्या बाजूनं जायला सांगितलं नसतं तर हा आकडा कुठे गेला असता कोण जाणे. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच गेले. दुसऱ्या दिवशी गाड्या सुटायला लागल्या. मेलेल्यांची माणसं आपापल्या गावी गेली. त्यांचं रडणं त्यांच्या अंगणात झालं, कॅमेऱ्यासमोर नाही.

मग माईनं खलाशांची गोष्ट काढली. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्याच्या ‘तलवार’ नाविक तळावर खलाशांनी संप केला. डाळीत खडे होते, वागणूक अपमानाची होती, आणि देश पेटलेला होताच. गोऱ्यांच्या फौजेनं कॅसल बराकींना वेढा घातला, गोळीबार झाला, आतल्या पोरांचं खाणं तोडलं. तेव्हा मुंबईचे लोक अन्न घेऊन गेटवेवर गेले. हे इतिहासात लिहिलेलं आहे. आमच्या घरात ते असं आहे: चाळीतल्या सगळ्या बायांनी पीठ एकत्र केलं, कुणी दूध दिलं, कारण दशमी दुधात भिजवली की दोन दिवस मऊ राहते. पाट्यावर लसूण-मिरचीचा ठेचा झाला. धोतराच्या फडक्यात गाठोडी बांधून भाऊ आणि तिघेचौघे निघाले. ‘गेटवेला होडीत चढवलं मी माझ्या हातानं,’ असं भाऊ म्हणत. माई म्हणे, ‘फाउंटनच्या पुढं जाऊच दिलं नव्हतं त्यांना, तिथंच कुणाला तरी देऊन आले.’ पन्नास वर्षं हा वाद चालला आणि तो मिटवायला तिसरा साक्षीदार मिळाला नाही. त्या दोन-तीन दिवसांत गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. परळला कमल दोंदे गेल्या. 23 ला वल्लभभाईंच्या सांगण्यावरून खलाशी शरण आले.

‘आपण रडलो, वरडलो, पण आधी पीठ मळलं,’ असं ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला गेटवेला जाणारी आम्ही मुलं आवडलीच होती. तिची काळजी एवढीच होती की बोरीबंदरच्या माणसांना विचारायला कुणीतरी जायला हवं होतं.

तेराव्याला तिनं घरात गोड होऊ दिलं नाही. एक पान वाढून बाजूला ठेवलं, कुणाच्या नावानं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, 9 डिसेंबरला, बकरी ईद होती. आमचे शिंपी मास्तर दंडाला काळी फीत लावून आले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्ताननं मारेकऱ्यांच्या मयतांना जागा द्यायची नाही असं ठरवलं होतं, ते सांगताना त्यांची मान ताठ होती. माईनं त्यांना चहा दिला आणि बराच वेळ दोघं काही न बोलता बसली होती. मुंबईचा त्या वर्षीचा शोक आठवला की मला गेटवेची गर्दी आठवते, आणि तितकाच तो चहा.

30 एप्रिल 2009 ला लोकसभेचं मतदान झालं. गुरुवार, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. दक्षिण मुंबईत चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. काकानं माईला खुर्चीत बसवून नेलं. रांग नव्हतीच. गेटवेवरच्या त्या रात्री घसा फोडून ओरडलेल्यांतले निम्मे जरी आले असते! मला ते अजून बोचतं.

माई कसाबच्या फाशीच्या आधी गेली. 21 नोव्हेंबर 2012 ला सकाळी येरवड्याहून बातमी आली तेव्हा काका भाऊंच्या आणि तिच्या फोटोपुढे उभा राहिला, बोलला नाही.

आत्या मात्र आहे, गोदी उडाली तेव्हा पोटात असलेली. तिनं सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली. कामा इस्पितळातल्या अंजली कुलथे सिस्टरनी त्या रात्री वीस गर्भवतींना सुरक्षित जागी हलवलं. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ते जगाला सांगितलं, तेव्हा आत्यानं मला फोन करून सगळं वाचून दाखवलं होतं. एप्रिल 2025 मध्ये हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीला आणलं, तेव्हा परत तिचा फोन.

‘आता खटला चालेल,’ ती म्हणाली. ‘वकील बोलतील, पेपरात येईल. बोरीबंदरावर गेलेल्यांची नावं कुणी मोठ्यानं वाचेल का गं?’

मी म्हटलं, ‘मी लिहिते त्याबद्दल.’

‘लिही. झेंड्यांचं लिही. कामातल्या सिस्टरचं लिही. ओंबळ्यांचं गाव लिहायला विसरू नकोस. आणि भाऊंनी दशम्या गेटवेपर्यंत नेल्या होत्या, फाउंटनपर्यंत नाही, हे माझ्या नावावर घाल.’

‘आत्या, तू तेव्हा दोन वर्षांचीही नव्हतीस.’

‘म्हणून काय झालं? भाऊंनी मला सांगितलंय.’