कट्यार : शस्त्र, संस्कार आणि संग्रह

कट्यार : मूठ पुढे रोखून भोसकण्यासाठी घडवलेले आखूड भारतीय शस्त्र. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीत दोन समांतर दांड्यांच्या मध्ये आडव्या पकडी बसवलेल्या असतात. त्या मुठीत धरल्या की पाते थेट हाताच्या रेषेत येते आणि खांद्यापासूनचा सगळा जोर टोकावर उतरतो. बाजूच्या दांड्या मनगटाला आधार देतात. चिलखताच्या कड्यांत शिरावे म्हणून पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले दिसते. मराठ्यांच्या दांडपट्ट्यातही पकड अशीच आडवी, हात झाकणाऱ्या खोबळ्याच्या आत असते.

कट्यारीचे जुने नमुने दक्षिणेतले आहेत. विजयनगर काळातील कट्यारींना बोटे झाकणारे पानाच्या आकाराचे कवच असे. पुढे ते गळाले आणि उघड्या मुठीचा प्रकार उत्तरेतही पसरला. मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे ते मराठ्यांच्या तंजावरकडे. तेथील अनेक कट्यारींना युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून, रिव्हेट मारून जोडलेली आहेत. शेवटचे राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये वारले, संस्थान खालसा झाले, आणि १८६० च्या दशकात तिथला शस्त्रागार विसकटला. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली, बाकीची मोडीत निघाली. कोणती कट्यार कुणाच्या कमरेची होती, हे सांगणारा दुवा त्या वेळी तुटला. जगभरच्या संग्रहांत आज दक्षिणी कट्यारी आहेत. त्यांची घराणी मात्र बहुतेक वेळा हरवली आहेत. हे नुकसान शस्त्रे मोडण्याइतकेच मोठे मानले पाहिजे.

कारण कट्यार केवळ लढाईची वस्तू नव्हती. महाराष्ट्रात आजही अनेक घरांत नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. खंडेनवमीला ती तलवारीशेजारी पूजेत मांडली जाते. जावा बेटावरील क्रिस या नागमोडी किंवा सरळ पात्याच्या खंजिराशी तिचे नाते इथे जुळते. जावानी नवरदेव क्रिस पाठीमागे कमरेला खोचतो. सुरो महिन्यात घरोघरच्या क्रिस धुऊन, सुगंधी द्रव्ये लावून पुन्हा म्यानात जातात. तिथे घडवणाऱ्याला एम्पू म्हणतात. पात्यातल्या नक्षीला पामोर हे नाव आहे, वळणांची संख्या नेहमी विषम असते, आणि युनेस्कोने २००५ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. आपल्याकडे अशी नोंद कट्यारीच्या वाट्याला आलेली नाही.

पिंपळे गुरवच्या वाचकाला कट्यारी बघायच्या तर पुणे जवळ आहे. कासारवाडीहून मेट्रोने मंडईला उतरले की शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय चालत गाठता येते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली; लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाकडे सोपवला. दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि शस्त्रे तिथे एकाच छताखाली दिसतात. ही मांडणी कट्यारीला न्याय देणारी आहे, कारण शस्त्र घरातल्या इतर वस्तूंच्या सोबतीने बघितले तरच त्याचे घर कळते.

पाते जोखताना भोसरी-चाकणच्या फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या कामाचा अनुभव उपयोगी पडतो. पोलादाला पाणी कसे दिले आहे, जौहर म्हणजे पाण्यासारखी दिसणारी नक्षी पोलादाच्या अंगची आहे की वरून आम्लाने काढलेली, सोन्याच्या तारेचे काम ठोकून बसवलेले आहे की नुसता मुलामा, हे असे काम केलेल्या कारागिराची नजर लवकर पकडते. मूठ दाबताच कात्रीसारखी उघडणारी तीन पात्यांची कट्यार बाजारात हौसेने घेतली जाते. ती बरीचशी उशिराच्या काळातली नवलाईची वस्तू होय. पाते एमरी पेपरने चकचकीत करणे हा नवशिक्या संग्राहकाचा सर्वांत महागडा अपराध. शिकलगाराच्या हाताची जुनी झिलई एकदा घासली की परत येत नाही. हलके तेल, कोरडी जागा आणि म्यानाबाहेर ठेवलेले पाते एवढे पुरते. जुन्या चामड्याचे म्यान ओल धरते.

जुने वाडे पाडले जाताना वस्तू भंगारात जातात. त्या वेळी कट्यार विकत घेणाऱ्याने गाव, घराणे, ती कुठे ठेवलेली असे आणि कोणत्या प्रसंगी बाहेर निघे, हे विकणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि छायाचित्रासोबत जपावे. शंभर वर्षांहून जुनी कट्यार १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते असेल, तर शस्त्र नियमांबाबत स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारणा करावी.