डेलियाच्या कंदांचे जतन

डेलिया हे सूर्यफूल कुलातील (ॲस्टरेसी) बहुवर्षायू फुलझाड आहे. कडक थंडीत त्याचा जमिनीवरील भाग मरतो. जमिनीखालील मांसल मुळे मात्र जिवंत ठेवता येतात. या मुळांना व्यवहारात कंद म्हणतात. प्रतिकूल ऋतूत ते जमिनीतून काढून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवणे व पुढील हंगामात पुन्हा लावणे म्हणजे कंदांचे जतन होय. युरोप व उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत हे जतन हिवाळ्यापुरते असते, तर महाराष्ट्रात ते उन्हाळा व पावसाळ्यासाठी करावे लागते.

बागेतील डेलिया अष्टगुणित आहे, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच असतात. त्यामुळे बियांपासून आलेली रोपे मातृवृक्षासारखी निघत नाहीत. एखादा वाण जसाच्या तसा टिकवायचा तर कंद किंवा छाटकलम हेच मार्ग उरतात. एकुलता एक कंद कुजला की त्या बागेतून तो वाण गेलाच.

मूळस्थान व प्रसार

डेलियाचे मूळस्थान मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश आहे. तेथे कोरड्या हिवाळ्यात झाड जमिनीपर्यंत वाळते आणि पावसाळ्याच्या आरंभी कंदापाशी पुन्हा फुटते. विश्रांती हा या झाडाचा स्वभावच आहे, पण ती कोरड्या मातीतील विश्रांती होय. मेक्सिकोहून पाठविलेल्या बियांपासून माद्रिदच्या राजोद्यानात वाढविलेल्या झाडांवरून कावानियेस यांनी १७९१ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले व लिनीयसचे शिष्य, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंडेर्स डाल यांच्या स्मरणार्थ तिला नाव दिले. १८७२ मध्ये मेक्सिकोहून नेदरलँड्सला गेलेल्या मुळांच्या पेटीतील बहुतेक मुळे वाटेतच कुजली. वाचलेल्या एका कंदाला टोकदार, लाल पाकळ्यांची फुले आली आणि त्यापासून ‘कॅक्टस’ प्रकारचे डेलिया निर्माण झाले, असे सांगितले जाते. १९६३ पासून डेलिया हे मेक्सिकोचे राष्ट्रीय फूल आहे.

कंदाची रचना

बटाटा हे खोड असल्यामुळे त्याच्या सर्व अंगावर डोळे असतात. डेलियाचा कंद हे मूळ आहे. त्याला डोळे फक्त खोडाला चिकटलेल्या मानेपाशी येतात. मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्याला सहसा कोंब येत नाही. नवख्या बागाईतदारांची निराशा बहुधा येथेच होते. कंदात स्टार्चऐवजी इन्युलीन साठते. दिवस लहान होऊ लागले की कंद भरण्यास चालना मिळते, म्हणून झाड घाईने उपटू नये.

थंड प्रदेशातील पद्धत

दव गोठविणारी पहिली थंडी पडली की पाने काळी पडतात. त्यानंतर खोड जमिनीपासून १० ते १५ सेंमी. ठेवून कापतात व काट्याने दुरून माती सैल करून गड्डा उचलतात. खोडाला धरून ओढल्यास माना मोडतात. खोड पोकळ असल्याने त्यात पाणी साचते, ते निथळण्यासाठी गड्डा काही दिवस उलटा ठेवतात. वाणाच्या नावाची चिठ्ठी याच वेळी बांधावी, कारण सुकलेले कंद एकमेकांसारखेच दिसतात. मग कोरडी वाळू, लाकडाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट यांत ते सुमारे ४° ते ७° से. तापमानात, अंधारात ठेवतात. गोठलेला कंद वितळल्यावर लिबलिबीत होतो व पुन्हा उगवत नाही. महिन्यातून एकदा पाहणी करून कुजका भाग कापून टाकतात. कंद फार सुरकुतले तर किंचित पाणी शिंपडतात. सौम्य हिवाळ्याच्या, निचऱ्याच्या जमिनीत मात्र जाड आच्छादन घालून कंद जागेवरच ठेवता येतात.

महाराष्ट्रातील पद्धत

महाराष्ट्रात पावसाळा ओसरल्यावर लागवड करतात आणि फुले थंडीत येतात. येथे कंदाला धोका गोठण्याचा नसून पावसाळी ओलीत कुजण्याचा आहे. बहर संपून पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून बंद करतात, वाळलेले खोड कापतात आणि कंद काढून सावलीत सुकवतात. कोरड्या वाळूत, हवेशीर व छपराखालच्या जागी ते ठेवावेत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्यांना घाम सुटून बुरशी येते. कुंडीतील झाड असल्यास कुंडीच पाऊस न लागेल अशा पडवीत सरकविणे सर्वांत सोपे. कंद उपटण्याचीही गरज पडत नाही. उन्हाच्या दिवसांत पत्र्याखालची जागा टाळावी, कारण तेथे लहान कंद पार सुकून जातात.

विभागणी व पुनर्लागवड

गड्ड्याचे तुकडे कोंब दिसू लागल्यावर करणे अधिक सुरक्षित, कारण तेव्हा डोळे ओळखता येतात. प्रत्येक तुकड्याला मानेचा भाग व किमान एक डोळा हवा. कापलेली बाजू सुकू देऊन तो निचऱ्याच्या मातीत लावतात आणि कोंब वर येईपर्यंत बेताचेच पाणी देतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात कंद ओलसर वाळूत ठेवून फुटवे आणतात व त्यांची छाटकलमे करतात. एका गड्ड्यापासून अशी अनेक रोपे मिळतात.