लदेणीचे वर्ष : हिंगोलीच्या तांड्यांतील तीज आणि होळी

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा बाहेरच्या यात्रेकरूला औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे आणि संत नामदेवांच्या नर्सीमुळे परिचित असला, तरी सेनगाव, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यातील आंध या अनुसूचित जमातीच्या आणि बंजारा समाजाच्या वस्त्यांनी जपलेली सणांची परंपरा या यात्रांहून पुष्कळशी निराळी आहे. आंधांची दंडार, म्हणजे वाद्यांच्या साथीने रंगणारे नृत्यनाट्य, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बंजाऱ्यांच्या तीज आणि होळी या दोन सणांना मात्र इतिहासकाराच्या दृष्टीने विशेष मोल आहे, कारण दख्खनच्या एका नामशेष झालेल्या व्यवसायाचे वेळापत्रक त्यांत अजून वाचता येते.

हा व्यवसाय लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचवण्याचा होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात भेटलेल्या एकाच तांड्यात धान्याने लादलेले १४,००० बैल असल्याची नोंद त्याने केली आहे, आणि दख्खनच्या स्वाऱ्यांवर निघालेल्या मोगल फौजांची रसदही अशाच तांड्यांवर अवलंबून असे. तांडा म्हणजे त्या काळी वस्ती नव्हे, तर नायकाच्या हुकमतीत चालणारा काफिला. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल झाला आणि नद्यांना पूर आले की त्याला चारा-पाण्याच्या जागी मुक्काम ठोकावा लागे. तीज हा श्रावणातला सण त्या सक्तीच्या मुक्कामात अचूक बसतो, कारण नऊ दिवस एका जागी राहिल्याखेरीज तो करताच येत नाही.

तीज हा कुमारिकांचा सण असून तो नायकाच्या परवानगीने सुरू होतो. राखी पौर्णिमेच्या सुमारास मुली बांबूच्या लहान टोपल्यांत वारुळाची माती आणि खत भरून त्यात भिजवलेले गहू पेरतात, टोपल्या नायकाच्या दारी उंचावर ठेवतात आणि गाणी म्हणत त्यांना रोज पाणी घालतात. पेरणीच्या वेळी बोरीच्या काटेरी फांदीवर भिजवलेले हरभरे टोचण्याचा विधी अनेक तांड्यांत आढळतो. मुली हरभरा टोचू पाहतात तेव्हा मुले फांदी हलवून त्यांना सतावतात, आणि काटा बोचला तरी हात मागे न घेणे हा त्यातला कस मानला जातो. गोकुळाष्टमीच्या सुमारास ढमोळी होते, म्हणजे पोळी, गूळ आणि तूप यांच्या चुरम्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि गणगोर नावाच्या मातीच्या मूर्ती घडवल्या जातात. अखेरच्या दिवशी वीतभर वाढलेले, सूर्यप्रकाशाअभावी पिवळसर राहिलेले अंकुर उपटून आधी नायकाला व वडीलधाऱ्यांना दिले जातात, मग उरलेल्या तिजेचे वाहत्या पाण्यात विसर्जन होते. त्या वेळी मुली मोठ्याने रडतात आणि भाऊ त्यांची समजूत काढतात. लग्नानंतर ज्या तांड्यात त्या जातील तो पुन्हा कधी वाटेत भेटेल याचा भरवसा नसलेल्या काळाचा ठसा या रडण्यावर असावा, असे मानण्यास जागा आहे.

भुसावळ ते नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली, १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मार्ग निजामाच्या मुलखातून गेला, त्याला जोडणारा पूर्णा–हिंगोली फाटाही पुढे झाला, आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार एका-दोन पिढ्यांत संपला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखातील अनेक भटक्या जमातींवर, आणि त्यांत बंजाऱ्यांवरही, जन्मजात गुन्हेगारीचा जो शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत टिकला. निरपराध माणसांवरील हा अन्याय साधा नव्हता. महाराष्ट्रात हा समाज आज विमुक्त जातींत गणला जातो, तर शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातींत. काफिले डोंगरकडेला स्थिरावले, त्यांच्या वस्त्यांनाही तांडा हेच नाव राहिले, आणि नायकाकडे बैलांच्या वाटेऐवजी सणांची व तंट्यांची जबाबदारी उरली.

तीज मुक्कामातला सण, तर होळी वाटचालीच्या कोरड्या दिवसांतला. ती इतर गावांप्रमाणे संध्याकाळी न पेटवता दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी पेटवण्याची तांड्यांची रीत आहे. त्या दिवसांत गेरिया म्हणवणारे तरुण आणि गेरणी म्हणवणाऱ्या स्त्रिया लेंगी ही गीते गात फेर धरतात, घरोघर फाग, म्हणजे सणाची देणगी, मागतात, आणि वर्षभरात मुलगा जन्मलेल्या घरी धुंड हा विधी करतात, ज्यात गेरिया बाळावर काठ्या आडव्या धरून एकमेकींवर आपटत आशीर्वादाची गाणी म्हणतात.

लदेणी गेली, तरी वर्षाचे दोन भाग मात्र पुन्हा पडले आहेत. मराठवाड्यातील कोरडवाहू तांड्यांवरून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा गाळप हंगाम संपल्यावर परततात. त्यामुळे होळीला तांडा कधी अर्धा रिकामा असतो, तर तिजेला भरलेला. म्हणूनच पाहुण्याने हिंगोलीच्या तांड्यात जायचे ते श्रावणात, आणि तेही आधी नायकाला विचारून.